सुरुवातीचं शून्य

घरपट्टीला वडिलांच्या जागी माझं नाव लावायचंय, काम एवढंच. कचेरी कुठली ते सांगत नाही, कारण काम अजून व्हायचंय. नाशिकच्या शालिमारपासून फार लांब नाही, इतकं पुरे.

खिडकीतल्या बाईंनी पावतीवरचा २०४०८१२२४४९ हा क्रमांक कॉम्प्युटरवर मारला. "दाखवत नाहीये. बसा जरा."

बाकावर शेजारी देवळालीचे एक निवृत्त गणिताचे मास्तर. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीतून डोकावणारी ओली कोथिंबीर. त्यांनी न विचारता पावती माझ्या हातातून काढून घेतली, चष्मा कपाळावर चढवला आणि ओरडलेच, "अहो, हा वर्ग आहे!"

मला वाटलं अर्जदारांचेही वर्ग पाडले असतील. आपला तिसरा.

"१४२८५७ चा वर्ग! आता तुकडे करा. २०४०८ आणि १२२४४९. करा बेरीज."

मोबाइलवर केली. १४२८५७. मास्तरांनी असं बघितलं, जणू त्यांनीच तो क्रमांक जन्माला घातला होता. "आमच्या कापरेकर मास्तरांची संख्या! दोनाने गुणा. २८५७१४. तेच आकडे, फक्त रांगेत पुढेमागे."

रांगेवरून आठवलं, तेवढ्यात हिरव्या शर्टातला एकजण माझ्या पुढे घुसला होता.

कापरेकर म्हणजे देवळालीच्या शाळेत शिकवणारे, ६१७४ वाले. चार आकडी संख्या घ्या, सगळे आकडे सारखे नकोत; ते उतरते आणि चढते मांडून वजाबाकी करत राहा, शेवटी ६१७४ च येते. ती गंमत त्यांनी दाखवली १९४९ च्या सुमारास, आणि गणिताच्या कोड्यांवर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनरने अमेरिकेतल्या मासिकात त्यांच्यावर लिहिलं १९७५ मध्ये. म्हणजे त्यांचीही फाइल टेबलावर पंचवीस वर्षं पडून होती तर. मला जरा बरं वाटलं.

"आकड्यांची बेरीज ३६," मास्तर थांबायला तयार नव्हते, "पण ३६ ने भाग जात नाही. म्हणजे हा हर्षद नाही. हर्षद म्हणजे आनंद देणारा."

"ते दिसतंच आहे," मी म्हणालो.

"मूळ मात्र हर्षद! बेरीज २७, आणि २७ ने भाग जातो. शिवाय तुमच्या या वर्गाला १८९ विभाजक आहेत."

१८९ विभाजक आणि खिडकी एकच.

शेवटी बाईंनी हाक मारली. "अहो, याच्या सुरुवातीला शून्य आहे. क्रमांक बारा आकडी लागतो. तुमच्या पावतीवर शून्य आलेलंच नाही."

ते शून्य त्यांच्याच प्रिंटरने कडेला खाल्लं होतं. दुरुस्तीचा अर्ज मात्र मी करायचा, नव्या तिकिटासकट. यासाठी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकलेली.

मास्तर ताडकन उठले. "सुरुवातीच्या शून्याने संख्या बदलत नाही!"

"सर, आमच्याकडे बदलते," बाई शांतपणे म्हणाल्या आणि खिडकी लावून जेवायला गेल्या. शून्य त्यांना कळलं होतं, मग तिथल्या तिथे मारायला काय झालं होतं, हे विचारायचं माझ्या तोंडातच राहिलं.

मास्तरांनी पावती परत दिली. इतका वेळ ती कोथिंबिरीवर ठेवली होती. डावी कड भिजलीय आणि आता पहिला दोनही पुसट झालाय.