पोटॅशियम आत शिरूनच केशपेशी उत्तेजित होते

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया रोखठोक आहे, तेव्हा उत्तरही तसंच देतो. केशपेशी म्हणजे आतल्या कानातल्या, डोक्यावर केसांसारखे रोम असलेल्या, आवाज टिपणाऱ्या पेशी. त्यांच्याबद्दल मी जे लिहिलं, त्यावर तुमचे आक्षेप दोन. पहिला, ‘पोटॅशियम आत शिरल्याने केशपेशी उत्तेजित होते’ हे माझं वाक्य उलटं आहे. चेतापेशीत सोडियम आत येतं आणि पोटॅशियम बाहेर जातं. दुसरा, कानात बाहेरच्या केशपेशी सुमारे १२,००० आणि आतल्या जेमतेम ३,५०० असताना ऐकण्याचं काम मी आतल्यांच्या नावावर का लावलं?

पहिलं वाक्य मी मागे घेणार नाही. तुम्ही सांगता तो नियम खरा आहे, पण ज्या पेशीला चहूबाजूंनी सोडियमयुक्त द्रव वेढून असतो, तिच्यासाठी. केशपेशी दोन द्रवांच्या सीमेवर उभी असते. तिचं बूड पेरिलिम्फसारख्या द्रवात असतं. तिथे नेहमीप्रमाणे सोडियम भरपूर, पोटॅशियम कमी. डोक्यावरचे रोम मात्र एंडोलिम्फ या दुसऱ्या द्रवात, आणि तिथे पोटॅशियमचीच चलती.

यावर तुम्ही म्हणाल, पेशीच्या आतही पोटॅशियम जवळपास तेवढंच असतं, मग ते आत का शिरेल? संहतीच्या (द्रवातल्या प्रमाणाच्या) हिशेबाने नाहीच शिरणार. ओढ आहे ती विजेची. एंडोलिम्फचा विभव (विद्युत पातळी) सुमारे +८० मिलिव्होल्ट, पेशीच्या आतला साधारण -५०च्या आसपास. म्हणजे एका पातळ पटलाच्या दोन बाजूंना १३० मिलिव्होल्टचा फरक. रोम जिन्याच्या पायऱ्यांसारखे चढत्या उंचीचे असतात आणि प्रत्येक आखूड रोमाचं टोक शेजारच्या उंच रोमाला एका बारीक प्रथिनतंतूने बांधलेलं असतं. आवाजाच्या कंपनाने रोम उंच बाजूला कलले, की तंतू ताणला जातो, आयनमार्ग उघडतो आणि पोटॅशियम आत घुसतं. नंतर तेच पोटॅशियम बुडाकडून उतारानेच बाहेर पडतं. जाता-येता पेशीला पदरची ऊर्जा फारशी खर्चावी लागत नाही. हा खर्च उचलते कोक्लियाच्या (आतल्या कानातल्या शंखाकार नळीच्या) बाजूच्या भिंतीतली, रक्तवाहिन्यांनी गजबजलेली एक पट्टी. फ्युरोसेमाइड हे लघवी वाढवणारं औषध मोठ्या मात्रेत शिरेतून दिलं तर कधी कधी ऐकू येणं तात्पुरतं कमी होतं, ते याच पट्टीचं काम मंदावून +८० घसरल्यामुळे.

तंतूच मार्ग उघडतो, मधे रासायनिक साखळी नाही, म्हणून हे सगळं काही मायक्रोसेकंदांत उरकतं. सेकंदाला हजार कंपनांचा सूर असेल तर एका कंपनाला मिलिसेकंदच मिळतो. डोळ्यातल्या प्रकाशपेशींचा संथ कारभार इथे चाललाच नसता.

आता संख्याबळ. श्रवणचेतेत सुमारे ३०,००० तंतू असतात, आणि मेंदूकडे खबर नेणाऱ्यांपैकी ९५ टक्क्यांच्या आसपास तंतू आतल्या पेशींनाच जोडलेले. आतली पेशी विभव बदलला की कॅल्शियम आत घेते, बुडाशी ग्लुटामेट हे संदेशवाहक रसायन सोडते, आणि पुढचे विद्युत स्पंद ते तंतू काढतात. बाहेरच्या पेशी बिनकामाच्या असं मी कुठेही म्हटलेलं नाही. विभव बदलला की त्या स्वतःच आखूड-लांब होतात (हे संशोधक ब्राउनेल यांनी १९८५ मध्ये दाखवलं) आणि क्षीण कंपनांना जोर देतात. त्या गेल्या तर ४० ते ६० डेसिबलपर्यंत फटका बसतो. पण त्या आवाज वाढवतात, मेंदूला कळवत नाहीत.

ही कामाची वाटणी खरी आहे का, हे पाहायचं तर ओटोफर्लिन या प्रथिनाचा जनुक बिघडलेली बाळं पाहावीत. बाहेरच्या पेशी धडधाकट, म्हणून त्यांच्या हालचालीतून कानाबाहेर येणारा बारीक प्रतिसाद (संशोधक केम्प यांनी तो १९७८ मध्ये प्रथम नोंदवला) सुरुवातीला चाचणीत व्यवस्थित मिळतो. आतल्या पेशींना मात्र ग्लुटामेट नीट सोडता येत नाही, आणि बाळाला ऐकूच येत नाही. नुसत्या प्रतिसादाच्या चाचणीवर विसंबलं तर असं बाळ ‘उत्तीर्ण’ होऊन घरी जातं. श्रवणचेतेचे आणि मेंदूस्तंभाचे संकेत मोजणारी दुसरी चाचणी केली, तरच ते सापडतं.