जुने कागद म्हणजे ‘अडलेली लक्ष्मी’ नव्हे

‘पसारा काढा, आयुष्य बदला’ हा मेसेज सध्या सोलापुरात या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: पसारा काढला की ताणाचं हार्मोन निम्म्यावर येतं, हे अमेरिकेत सिद्ध झालंय. रिकामी भांडी म्हणजे दारिद्र्य. जुने कागद म्हणजे अडलेली लक्ष्मी, ते आधी रद्दीत घाला. ऑफिसचं टेबल मोकळं केलं की काम दुप्पट वेगाने होतं. मी एरवी असले मेसेज वाचतही नाही. पण साखर पेठेतल्या माझ्या आत्याने हा खरा मानला आणि माळ्यावरची पत्र्याची ट्रंक रद्दीवाल्यासाठी खाली काढून ठेवली. मला फोन केला तो रद्दीला भाव काय चाललाय हे विचारायला!

म्हणून आधी कागदांचंच बोलते, कारण सगळ्यात घातक सल्ला तोच आहे.

त्या ट्रंकेत आत्याच्या सासऱ्यांचा शाळा सोडल्याचा दाखला होता. चार घड्या घातलेला, घड्यांवर विरलेला, मागून खळीने कापडाची पट्टी लावलेला. जातीच्या रकान्यातली शाईची नोंद मात्र अजून स्पष्ट वाचता येते. आत्याची नात यंदा बारावीला आहे. तिला राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर जात वैधता प्रमाणपत्र लागणार, आणि पडताळणी समिती वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातला जुना पुरावा मागते. ओबीसींसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा, अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा. म्हणजे ज्या कागदाला कित्येक वर्षं कुणी हात लावला नाही, नेमका तोच लागतो. 2023 पासून कुणबी नोंदींसाठी लोक जुनी मोडी दप्तरं धुंडाळतायत, हे आपण डोळ्यांनी पाहिलंय. आणि आपण घरातला दाखला किलोच्या भावाने द्यायचा?

त्याच ट्रंकेत गिरणीचं हजेरी कार्ड आणि पीएफच्या चिठ्ठ्याही होत्या. लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्या कधीच बंद पडल्या. तिथल्या नोकरीचा पुरावा हरवला तर दुसरी प्रत मागायला कुणाच्या दारात जायचं, ते मेसेज लिहिणाऱ्याने सांगावं.

दुकानदारांनी तर हा सल्ला कानावरही घेऊ नये. माझ्या आत्तेभावाचं चादरी-टॉवेलचं दुकान आहे, तोही बिलांची पोती काढायला निघाला होता. जीएसटी कायद्याच्या कलम 36 प्रमाणे हिशेबाचे कागद त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने जपावे लागतात. अपील किंवा चौकशी चालू असेल तर त्याहूनही जास्त. राहिली लक्ष्मी. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला आपले व्यापारी देवीपुढे वह्या मांडतात, हळद-कुंकू वाहतात. हिशेबाचा कागद लक्ष्मीची वाट अडवतो, हे या पेठांमध्ये कुणी कधी मानलेलं नाही.

रिकाम्या भांड्यांचा मुद्दा ज्याने लिहिला, त्याच्या नळाला रोज पाणी येत असणार. आपल्याकडे चार-चार, पाच-पाच दिवसांनी पाणी येतं. पिंपं, घागरी, कळश्या, बादल्या पाण्याच्या दिवशी भरून घ्यायच्या आणि पुढच्या पाण्यापर्यंत एकेक रिकामी होत जायची, हाच इथल्या घरांचा संसार आहे. त्या काढून टाकल्या तर तिसऱ्या दिवशी शेजाऱ्याकडे तांब्या घेऊन जावं लागेल.

आता ते अमेरिकेतलं ‘सिद्ध’. मूळ अभ्यास खरा आहे. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डार्बी सॅक्सबी आणि रेना रेपेटी यांनी तो केला, 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. नवरा-बायको दोघंही नोकरी करणाऱ्या 30 घरांत त्यांनी प्रत्येकाला आपलं घर फिरवून दाखवायला सांगितलं आणि दाखवताना वापरलेले शब्द मोजले. ज्या बायकांच्या बोलण्यात पसारा, अर्धवट राहिलेली कामं असे शब्द जास्त आले, त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे तेच ताणाचं हार्मोन, सकाळपासून संध्याकाळपर्यंत जसं उतरायला हवं तसं उतरत नव्हतं. नवऱ्यांमध्ये हा संबंध तसा दिसला नाही. एवढंच. कुणाचा पसारा काढून नंतर कॉर्टिसोल मोजलेलं नाही, त्यामुळे ‘निम्म्यावर येतं’ हे शुद्ध खोटं आहे. मला तर या अभ्यासातून वेगळंच दिसतं. पसारा सगळ्यांचा असतो, पण तो आवरायची जबाबदारी बाईच्या डोक्यावर असते. हा मेसेज आत्याला तिच्या मुलाने पाठवला होता. त्याने त्याऐवजी माळा आवरायला हात लावला असता तर तिचा ताण नक्की कमी झाला असता.

टेबल मोकळं असलं की फाईल लवकर सापडते, हे मान्य. दुप्पट वेगाला मात्र कसलाही आधार दिलेला नाही.

आणि हो, काही पसारा खरंच काढायलाच हवा. जिन्यात रचलेले गठ्ठे, म्हाताऱ्या माणसांच्या पायात येणारं सामान, अंगणातले टायर आणि करवंट्या, कुलरच्या तळाशी साचलेलं पाणी. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत तयार होतो. म्हणून पिंपं ठेवा, पण घट्ट झाकून ठेवा आणि आठवड्यातून एकदा आतून घासून कोरडी करा.

ज्यांनी गठ्ठा आधीच देऊन टाकला असेल, त्यांनी आधी रद्दीवाल्याला गाठा. तो हाती लागला नाही तर शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मिळतो का ते शाळेत जाऊन विचारा. खरेदीखत नोंदणीकृत असेल तर त्याची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधक कार्यालयातून निघते, फक्त दस्त क्रमांक आणि वर्ष हाताशी असलं तर हेलपाटे वाचतात.