एक स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर, नावेवरची पेट्रोल मोटार वापरणाऱ्या सगळ्यांनीच वाचावं

नमस्कार भाऊ. रिव्ह्यू वाचला तुमचा. तुम्ही लिहिलं की कार्बोरेटर (पेट्रोल आन् हवा मिसळणारा भाग) साफ करायचे पैसे घेतले, त्यावरचा पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा एक स्क्रू फिरवायला घाटावर नेऊन अर्धा दिवस घालवला, दुकानात मोटार मस्त चालली आन् दुसऱ्या दिवशी गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात मधातच बंद पडली. मग दुसऱ्या मिस्त्रीनं तोच स्क्रू आत पिळून दिला, ऑइल कमी टाकायला सांगितलं, आता धूर नाही, "फक्त मधात मधात बल्ब दाबावा लागतो". भर पाण्यात जाळं टाकलेलं असताना मोटार बंद पडली तर राग येणारच, त्याबद्दल काही म्हणणं नाही. स्टार पण राहू द्या जी. पण ते शेवटचं बल्बचं वाक्य वाचलं आन् खरंच काळजी वाटली, म्हणून एवढं लांब लिहितोय.

रबरी बल्ब, म्हणजे पेट्रोलच्या पाइपावरचा हातानं दाबायचा फुगा, दाबला की मोटार चालते, सोडला की दोन-चार मिनिटांत बसते, याचा अर्थ बहुतेक कार्बोरेटर चांगला आहे, त्याच्यापर्यंत पेट्रोल पोचत नाही. बल्ब फक्त चालू करायच्या आधी कार्बोरेटरचा बाऊल, म्हणजे त्यातली पेट्रोलची वाटी, भरायला असतो. मोटार सुरू झाली की पुढचं काम मोटारीवरच्या फ्युएल पंपाचं, त्यातला पातळ पडदा क्रँककेसच्या (पिस्टनमागच्या बंद जागेच्या) दाबानं हलतो आन् पेट्रोल ओढतो. आता पाइपात कुठं हवा शिरत असेल तर पंप पेट्रोलाऐवजी हवाच ओढतो, हळू चालवताना कळत नाही, फुल रेस दिली की बाऊल रिकामा.

मग दुकानात काहून चालली? तुम्ही नुसती मोटार आणली होती, टाकी आन् पाइप घरी होता. आम्ही आमच्या टाकीवर चालवून पाहिली आन् बिलावर "टाकी व पाइप तपासलेला नाही" असं लिहून दिलं, तुम्ही म्हणाले पाइप चांगला आहे, नंतर पाहू. कार्बोरेटर उघडला तेव्हा तुमच्यासमोरच उघडला, बाऊलच्या तळाला पाकासारखा पिवळा चिकट थर होता आन् पेट्रोल जायचं बारीक भोक, म्हणजे जेट, पूर्ण बुजलेला, म्हणजे ते काम करणं भागच होतं. जुनं पेट्रोल पावसाळाभर टाकीत राहिलं की असंच होते. त्यात २०२३ पासून पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं, ते हवेतलं पाणी धरते आन् जुन्या रबराला मानवत नाही, पाइप आतून उकलतो, जोडातली रबरी कडी म्हणजे ओ-रिंग कडक होते, पंपाचा पडदा पण. म्हणून जुनी मोटार असेल तर पाइपाकडे आधी पाहायचं, स्क्रूकडे मग.

आता घरी एवढं करून पाहा, पैसे लागत नाहीत. टाकीच्या झाकणावरचा हवेचा छोटा स्क्रू उघडा आहे का पाहा, तो बंद राहिला तरी मोटार थोडी चालून बसते, पण तेव्हा बल्ब चपटा होतो. चपटा नाही, नुसता ढिला पडत असेल तर हवा शिरते आहे. बल्ब उभा धरा, बाण वरच्या बाजूला म्हणजे मोटारीकडे, आन् कडक होईपर्यंत दाबा. मग बल्बपासून मोटारीपर्यंतच्या सगळ्या जोडांवर, क्लिपेवर, मोटारीच्या कनेक्टरवर साबणाचं पाणी लावा, जिथं फेस येईन किंवा पेट्रोल पाझरेन तिथं गळती. आणखी पक्कं पाहायचं असेल तर बल्ब आन् मोटारीच्या मधात वीतभर पारदर्शक पाइप लावा आन् रेस देऊन बघा, पेट्रोलात बुडबुडे पळताना डोळ्यांनी दिसतात.

आन् तो स्क्रू. तो आत पिळला की पेट्रोल कमी, हवा जास्त. टू-स्ट्रोक मोटारीत ऑइल पेट्रोलातूनच जाते, तर पेट्रोल कमी गेलं म्हणजे ऑइल पण कमी गेलं, वरून पाइपात हवा, वरून तुम्ही टाकीतच ऑइल कमी केलं. धूर गेला ही चांगली गोष्ट नाही भाऊ, अशानं पिस्टन गरम होऊन सिलिंडरमध्ये पकडतो आन् मग खर्च स्क्रूचा राहत नाही, सिलिंडर नव्यानं बोअर करायचा होतो. तुमच्या मोटारीच्या झाकणावर ५० ला १ लिहिलेलं आहे, म्हणजे लिटरला २० मिली, तेवढं टाकाच, आउटबोर्डचंच ऑइल घ्या.

घाटावर नेलं त्याचं पण सांगतो. पाण्याच्या ड्रममध्ये न्यूट्रलवर मोटार कशीही गोड वाजते, त्यावर सेटिंग करणं म्हणजे अंदाज. स्क्रू हलक्या हातानं टेकेपर्यंत आत घ्यायचा, जोर दिला तर सुईचं टोक खराब होते, मग एक ते दीड फेरा बाहेर, ही फक्त सुरुवात. खरी सेटिंग मोटार गरम झाल्यावर, पाण्यात, पुढच्या गिअरवर, हळू चालवत. स्क्रू थोडा थोडा आत घ्यायचा, दर वेळी जरा थांबायचं कारण मोटारीला फरक दाखवायला वेळ लागते, कार्बोरेटरमधून शिंकल्यासारखा आवाज आला की पेट्रोल कमी पडलं. मग बाहेर काढत जायचं, मोटार जड होऊन धूर टाकायला लागली की जास्त झालं. या दोघांच्या मधात, पण किंचित बाहेरच्या बाजूला ठेवायचा, म्हणजे लोड आल्यावर मोटार मरत नाही. याला वेळ लागतेच, घाईत होत नाही, आन् कोणी दोन मिनिटांत करून देत असेल तर त्याला एकदा फुल रेसवर नावेत बसवून चालवायला सांगा.

हे सगळं पाहेपर्यंत मधल्या खोल पाण्यात जाऊ नका, तिकडे बुडलेल्या झाडांचे खुंट आहेत, इकॉर्निया म्हणजे जलपर्णी वाऱ्यानं कुठून कुठं येते, मोटार बंद पडली तर निघणं कठीण. जायचंच असेल तर काठाकाठानं आन् वल्हं सोबत.

स्क्रू परत सेट करून देतो, त्याचे पैसे नाहीत. बल्ब, ओ-रिंग अन् पंपाचा पडदा दुकानात आहे, लागलं तेवढ्याचेच पैसे. टाकी सोबत आणा, आन् पाइप मीटरवर कापून द्यावा लागतो तर नावेत टाकी जिथं ठेवता तिथून मोटारीपर्यंत सुतळीनं मोजून आणा, मोटार वळते त्यासाठी वीतभर जास्तीच धरा.