सेसिलिओ लोपेझ कुठे गेले?

तुमचा लेख छान जमलाय, पण फिलिपिन्सच्या भाषांचा इतिहास सांगताना अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ कोनंट आणि जर्मन भाषाशास्त्रज्ञ डेम्पवोल्फ यांच्यावर एवढं लिहिलंत आणि फिलिपिनो भाषाशास्त्रज्ञ सेसिलिओ लोपेझना एका ओळीत गुंडाळलंत हे काही पटलं नाही बुवा. १८९८ साली मारिकिनाला जन्मलेला हा माणूस मनिलात जर्मन भाषाशास्त्रज्ञ ऑटो शेररकडे शिकला, मग थेट हॅम्बुर्गला जाऊन १९२८ मध्ये डॉक्टरेट घेऊन परत आला आणि पुढची कित्येक वर्षं फिलिपिन्स युनिव्हर्सिटीत शिकवत राहिला, म्हणजे तोवर बहुतेक करून मिशनरी, अमेरिकन नि जर्मन लोक ज्या भाषांवर लिहीत होते त्यांवर आता तिथलाच माणूस लिहायला लागला.

कोनंटचा तो आर-जी-एचवाला नियम घ्या, म्हणजे एकच जुना ध्वनी फिलिपिन्सच्या वेगवेगळ्या भाषांत र, ग, ह वगैरे होतो हा; शीर किंवा मूळ या अर्थाचा शब्द टागालोगमध्ये उगात, इलोकानोत उरात, पांगासिनानमध्ये उलात आणि कापाम्पांगानमध्ये उयात. नुसते चार शब्द शेजारी मांडले की जुना ध्वनी कुठे कसा बदलला ते लख्ख दिसतं, पण त्यासाठी आधी भरवशाच्या शब्दयाद्या लागतात ना, आणि हे किचकट काम लोपेझ म्हातारपणापर्यंत करत होते. त्यात १९३७ नंतर टागालोगवर उभ्या राहिलेल्या राष्ट्रभाषेच्या कामातही ते होतेच, त्यात किती वेळ गेला असेल देव जाणे.

आणि हो, कॉन्सुएलो पाझ यांचं १९८१ चं आदि-फिलिपाईन भाषेच्या, म्हणजे या भाषांच्या मानल्या गेलेल्या मूळ भाषेच्या, पुनर्रचनेचं पुस्तकही त्याच युनिव्हर्सिटीतल्या बाईंचं, त्यांचं तर लेखात नावसुद्धा नाही. पुढचा भाग काढणार असाल तर त्यांच्यापासूनच सुरू करा.