टोमॅटोचा नियम मिरचीला लावू नका

रोपलावणीबद्दलचा एक संदेश सध्या घराघरांतल्या मोबाइलवर फिरतोय. त्याचं सांगणं असं: कुठलीही भाजी आधी ट्रेमध्ये रुजवा, फुलावर आलेलं रोप निवडा, निम्मं खोड मातीत पुरा आणि खड्ड्यात मूठभर युरिया टाका. पहिल्यांदाच बाग करणाऱ्यांची रोपं यापायी जातील, म्हणून लिहितेय.

आधी खोल पुरण्याचं. टोमॅटोपुरतं ते खरं आहे. त्याचं खोड ओल्या मातीत दबलं की त्यालाच मुळ्या फुटतात. उंच, लेचंपेचं झालेलं रोप आडवं पुरलं तरी जोमानं उठतं. मिरची-वांग्याचं तसं नाही. भारी काळ्या जमिनीत, पावसाळ्यात, खोल पुरलेलं खोड सडतं. मृगाच्या पावसात मी मिरचीची बारा रोपं अशीच घालवलीत. ही दोन्ही रोपं वाफ्यात होती तेवढ्याच खोलीवर लावा. कोबी-फ्लॉवरचा तर शेंडा मातीखाली गेला की गड्डा विसरा.

‘कुठलीही भाजी ट्रेमध्ये’ हेही चूक. मुळा-गाजराचं सोटमूळ उपटताना दुखावतं आणि पुढे त्याला फाटे फुटतात. कोथिंबिरीला हलवलेलं सोसत नाही, ती लवकर फुलावर जाते. धणे रगडून जागीच पेरा, मेथीही तशीच. काकडी, दोडका, भोपळा हलवायचेच असतील तर वर्तमानपत्राच्या सुरळीत रुजवा आणि दोन-तीन पानांवर असताना सुरळीसकट लावा.

फुलावर आलेलं रोप म्हणजे बहुधा ट्रेमध्ये अडकून म्हातारं झालेलं रोप. टोमॅटो 25-30 दिवसांचा, मिरची 35-45 दिवसांची असताना लावावी.

युरियात 46 टक्के नत्र असतं. तो मुळांशी मूठभर पडला तर मुळं करपतात. खड्ड्यात कुजलेलं शेणखत पुरे.

संदेशात सगळ्यात महत्त्वाचं तेच नाही. सावलीतलं रोप लावण्याआधी आठवडाभर थोडं थोडं ऊन दाखवून, पाणी कमी करून काटक करावं लागतं. लावावं संध्याकाळी, आणि लगेच पाणी द्यावं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आंबवणी, म्हणजे लावणीनंतरचं दुसरं हलकं पाणी. मधे दुपारी रोपानं मान टाकली तर घाबरून पाणी ओतू नका. मातीत बोट खुपसून बघा. खाली ओल असेल तर दोन दिवस नारळाच्या झावळीची सावली करा, रोप उभं राहतं.