शेण कोण कालवणार?

आमच्या घरी गोबरगॅस आला तेव्हा आजीनं त्यावरचा चहा प्यायला साफ नकार दिला. खड्ड्याला संडास जोडला होता ना! संडास जोडला की अनुदान थोडं जास्त मिळायचं, म्हणून अण्णांनी जोडला. आजी म्हणाली, "देवाला निवद दाखवायचा तो ह्याच्यावर शिजवून? मी गेल्यावर काय ते करा." मग बरेच महिने घरात दोन सवतेसुभे होते. आईची निळ्या ज्वालेची शेगडी स्वयंपाकघरात आणि आजीची धुराची चूल मागच्या पडवीत. पुढं आषाढात सरपण भिजलं तेव्हा आजीनं गुपचूप दुधाचं पातेलं शेगडीवर ठेवलं. आम्ही सगळ्यांनी पाहिलं, कुणी काही बोललं नाही. निवद मात्र शेवटपर्यंत चुलीवरच.

हे सगळं आठवलं ते शाळेच्या ग्रुपवर आलेल्या एका गणितामुळे. वर्गमित्र इंजिनिअर आहे, हुशार आहे. त्यानं मांडलं होतं: २०१९ च्या पशुगणनेप्रमाणे देशात १९ कोटींच्या वर गाई-बैल, ११ कोटींच्या आसपास म्हशी. एवढ्यांचं शेण गुणिले अमुक, भागिले तमुक, बरोबर इतके कोटी सिलिंडर. खाली ओळ: 'सोन्याच्या खाणीवर बसलोय आपण.' गुणाकार मी तपासला नाही, बरोबरच असेल. त्यात फक्त एक रकाना राहिला होता. ते शेण कालवणार कोण?

आमच्याकडे आई कालवायची. कराडच्या अलीकडचं गाव, गोठ्यात दोन बैल, दोन म्हशी, एक गाय आणि एखादं वासरू. प्लँट रोज दोन घनमीटर गॅस देणारा, म्हणजे रोज ५० किलो शेण लागणार आणि तेवढंच पाणी. तोंडाशी सिमेंटचा छोटा हौद. त्यात घमेल्यांनी शेण टाकायचं, पाणी ओतायचं आणि कोपरापर्यंत हात घालून गाठी फोडायच्या. काडी, कडब्याचं बूड, खडा हाताला लागेल तो बाहेर काढायचा, नाहीतर पुढं पाइप तुंबतो. मग बोळा काढायचा आणि काला गडगडत आत जायचा. उन्हाळ्यात एकवेळ ठीक. डिसेंबरात सकाळी सहाला ते पाणी हाताला चावायचं. आणि नेमकं थंडीतच गॅस कमी होतो, कारण आतले जिवाणू ३५ अंशांच्या आसपास खुशीत असतात आणि गार पडलं की सुस्तावतात. म्हणजे ज्या दिवसांत कालवायला जीव नको व्हायचा, त्याच दिवसांत भाकरी अर्ध्यावर असताना ज्वाला बसायची.

गॅस किती उरलाय ते आम्हा पोरांना ड्रमवरून कळायचं. विहिरीसारख्या खड्ड्यात शेणकाल्यावर पालथा तरंगणारा लोखंडी ड्रम. सकाळी फुगून वर आलेला, स्वयंपाक उरकला की खाली. दाब वाढवायला अण्णा त्यावर वाळूची पोती ठेवायचे. पाहुणे आले की मी धावत जाऊन बघून यायची आणि ओरडायची, "आई, ड्रम बसला!" पाहुण्यांसमोर हे ओरडायचं नसतं हे फार उशिरा कळलं. कधी ज्वाला फकफक करायची, म्हणजे पाइपात पाणी साचलं. मग अण्णा खालची तोटी सोडून पाणी काढून टाकायचे.

आता जरा हिशेब करू, माझ्या मित्राचाच पण उलट्या बाजूनं. २५ किलो शेणातून साधारण एक घनमीटर गॅस मिळतो. त्यात मिथेन ५५ ते ६० टक्के, उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड. असा एक घनमीटर म्हणजे साधारण ४३० ग्रॅम सिलिंडरच्या गॅसइतकी उष्णता. तर १४.२ किलोच्या एका सिलिंडरची बरोबरी करायला सुमारे ८०० किलो शेण आणि तितकंच पाणी कालवावं लागतं. सोळाशे किलो माल, एका बाईच्या दोन हातांनी, सोळा-सतरा दिवसांत. सिलिंडर काय, माणूस खांद्यावरून आणून दारात ठेवतो.

म्हणून २००३ साली दादानं ट्रॅक्टर घेतला, बैल गेले, पाठोपाठ एक म्हैस गेली आणि शेण पुरेना झालं, तेव्हा आईला वाईट वगैरे वाटलं नाही. ती एवढंच म्हणाली, "सुटले बाई." गोबरगॅसच्या आठवणींनी गहिवरणाऱ्या पोस्टी वाचते तेव्हा मला हे 'सुटले बाई' ऐकू येतं. गहिवरणारे बहुतेक पुरुष असतात, असं माझं निरीक्षण आहे. चुकत असेन तर खाली लिहा. उज्ज्वला २०१६ मध्ये आली, गावोगाव सिलिंडर पोचले, आणि 'बायका आळशी झाल्या, गोबरगॅस बंद पाडले' असं बोलणारेही मी ऐकलेत. त्यांना एक हिवाळा त्या हौदाशी उभं करावं.

तंत्र वाईट आहे असं माझं म्हणणं बिलकूल नाही. ते इतकं जुनं आणि इतकं आपलं आहे की नवल वाटतं. १८९७ साली मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्याच्या गॅसवर दिवे लागत होते. १९३९ मध्ये दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई शेणावर प्रयोग करत होते. पन्नाशीच्या दशकात जशभाई पटेलांनी तरंगत्या ड्रमचा प्लँट बसवला आणि खादी ग्रामोद्योग आयोगानं तो उचलला. आमच्याकडचा तोच. त्याचा वैरी एकच, गंज. गॅसमध्ये थोडा हायड्रोजन सल्फाइड असतो, तो आणि ओल मिळून लोखंड खातात. दरवर्षी काळा रंग द्यायला हवा, आणि ते राहून जातं. १९८४ मध्ये दीनबंधू मॉडेल आलं, लोखंडाचा ड्रमच काढून टाकून विटांचा घुमट. छान कल्पना. पण घुमटाला केसाएवढी चीर गेली तरी गॅस पळतो, आणि तसा घुमट बांधणारा गवंडी प्रत्येक गावात कुठून आणायचा?

आणि आपल्याकडे देहूला डॉ. मापुसकर होते. १९५९ मध्ये सरकारी डॉक्टर म्हणून गावात आले आणि हगणदारी पाहून संडासांच्या मागे लागले. संडासाला जोडलेल्या गोबरगॅसचं त्यांचं 'मलप्रभा' मॉडेल तिथलंच. तुकोबांच्या गावात मैल्याच्या गॅसवर स्वयंपाक करायला लोकांना राजी करणं म्हणजे काय असेल, हे माझ्या आजीला ओळखणाऱ्यांनाच कळेल. ते घरोघर जात राहिले, वर्षानुवर्षं. मरणोत्तर पद्मश्री मिळाली त्यांना.

सरकारी योजनेत असं घरोघर जाणं आमच्या गावात दिसलं नाही. १९८१-८२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम चालला, देशात ५० लाखांच्या आसपास घरगुती प्लँट बांधले गेले. अनुदान बांधकामाला. खड्डा झाला, फोटो निघाला, रक्कम जमा. पाच वर्षांनी ज्वाला आहे की नाही हे बघायला आमच्याकडे तरी कुणी फिरकलं नाही. ड्रमला भोक पडलं तेव्हा वेल्डिंगवाला म्हणाला, "आतला गॅस पूर्ण गेल्याशिवाय हात लावणार नाही." बरोबरच होतं त्याचं. ड्रम उचलायला आठ माणसं लागली.

बंद पडलेले खड्डे तसेच राहिले, हेही सांगायला हवं. एप्रिल २०२४ मध्ये, पाडव्याच्या दिवशी, नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात गोबरगॅसचा खड्डा म्हणून वापरलेली एक जुनी विहीर शेणकाल्यानं भरलेली होती. त्यात मांजर पडलं. त्याला काढायला एक उतरला, त्याला काढायला दुसरा. आतल्या वायूनं गुदमरून पाच जण गेले. तुमच्या परड्यात जुना खड्डा असेल तर तो रिकामा करून मुरुमानं भरा, आणि रिकामा करताना कुणालाही आत उतरवू नका. आमचा भरलाय. त्यावर आता कढीपत्ता आहे, भरपूर येतो.

आता गोबरगॅस मोठ्या कपड्यांत आलाय. गॅस शुद्ध करायचा, मिथेन ९० टक्क्यांच्या वर न्यायचं, दाबून भरायचा, गाड्या चालवायच्या. कॉम्प्रेस्ड बायोगॅस. ऑक्टोबर २०१८ मध्ये 'सतत' योजना आली: ५००० प्रकल्प, वर्षाला दीड कोटी टन गॅस, २०२३-२४ पर्यंत. मुदत आली तेव्हा चालू प्रकल्पांची शंभरीही भरली नव्हती. यंत्रं होती, तेल कंपन्या गॅस घ्यायला तयार होत्या. बरंचसं अडलं कुठं, तर पुन्हा हौदाच्या तोंडाशी. उसाचं पाचट, कपाशीची पऱ्हाटी, तुरीच्या तुराट्या शेतातून गोळा कोण करणार, बांधणार कोण, पावसाळ्यात कोरडं ठेवणार कोण? साखर कारखान्याचा प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ, सोपा, एका जागी मिळतो. पण गाळप चार-पाच महिन्यांचं आणि जिवाणूंना बारा महिने खायला लागतं. शिवाय कधी काळी 'घेऊन जा बाबा' म्हणून मिळणाऱ्या प्रेसमडला आता भाव आलाय. चांगलंच आहे, पण तो भाव ऊसवाल्याच्या बिलात दिसला तर सांगा.

इंदूरचा प्रकल्प चालतो, रोज ५५० टन ओला कचरा घेतो, शहराच्या बस त्यावर पळतात. लोक यंत्राचे फोटो टाकतात. मला विचाराल तर तिथलं खरं यंत्र म्हणजे घरात ओला-सुका वेगळा करणारी माणसं. आमच्या पुण्यातल्या सोसायटीतही छोटा प्लँट बसवला होता. पहिल्या आठवड्यात त्यात निघालं ते असं: दुधाच्या पिशव्या, एक चमचा, शहाळ्याची अख्खी कवटी, सॅनिटरी पॅड आणि कुणाच्या तरी लिंबाच्या सरबताची पाटीभर सालं. लिंबाच्या सालीतलं तेल जिवाणूंना सोसत नाही. त्यात गणपतीत कुणीतरी उरलेले पाच किलो मोदक एकदम ढकलले. जास्त खाऊन आपल्याला होतं तेच टाकीला झालं, आंबली. मिथेन करणारे जिवाणू सावकाश काम करतात आणि आम्ल करणारे भराभर. नंतर चुनखडी टाकली, खाणं बंद ठेवलं, सगळं केलं. पण तोवर दोन विंगांची भांडणं लागली होती आणि कमिटीनं प्लँट बंद केला. टाकी आंबली हे कारण मिनिट्समध्ये लिहिलंय.

मोदकांवरून पुण्याचे वनस्पतीशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे यांची आठवण आली. त्यांचं म्हणणं सरळ होतं: शेण म्हणजे गुरांनी पचवून उरलेलं. जिवाणूंना उष्टं कशाला घालता, खरकटा भात, किडकं पीठ, खराब धान्य द्या. त्यांच्या 'आरती' (अप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट) संस्थेच्या छोट्या टाकीत दोन किलो पिठूळ पदार्थांतून दिवसभरात जेवढा गॅस निघतो, तेवढ्याला शेण ४० किलो लागतं आणि वाट ४० दिवस बघावी लागते. २००६ मध्ये लंडनचा अॅश्डेन पुरस्कार मिळाला या कामाला. शेणाच्या वीस पट हलकं! आईला हे कुणी १९८८ मध्ये सांगितलं असतं तर.

एक धोका मात्र जर्मनीकडे बघून वेळीच ओळखावा. तिथं २००० नंतर बायोगॅसच्या विजेला चांगला दर मिळाला, आणि शेतकरी टाकीसाठी मका पेरायला लागले. इतका, की २०१२ मध्ये नव्या प्रकल्पांत मक्यावर ६० टक्क्यांची मर्यादा घालावी लागली. आपल्याकडे हत्तीगवत लावा म्हणून सल्ला सुरू झालाय. पडीक रानात लावा, जरूर. पण कृष्णाकाठच्या बागायतीत गाड्यांसाठी गवत आणि जनावरांसाठी विकतची वैरण, हे मला पटत नाही.

टाकीतून बाहेर पडणाऱ्या स्लरीबद्दल, म्हणजे गॅस निघाल्यावर उरणाऱ्या पातळ खताबद्दल, फार कमी बोललं जातं. गॅसमध्ये कार्बन जातो, नत्र, स्फुरद, पालाश स्लरीतच राहतात. ज्या शेतातून पाचट उचललं त्या शेतात स्लरी परत गेली नाही, तर आपण जमिनीचं पोट कापून बस चालवतोय. आमच्या भागात आधीच पाणी आणि खतं ओतून रानं क्षारपड झालीत. २०२३ मध्ये या खताला टनामागे १५०० रुपये मदत जाहीर झाली, पण ओलं खत दहा किलोमीटर वाहून न्यायचं तर भाडंच किती होतं ते ट्रॅक्टरवाल्याला विचारा. म्हणून मला मोठ्या प्रकल्पांपेक्षा गोठ्याला लागून असलेला मधल्या आकाराचा प्लँट आवडतो. पाच-सात घरांचा, दूध डेअरीचा. शेण आणि स्लरी दोन्ही शंभर पावलांत.

गेल्या वर्षी दादानं पुन्हा घेतला. जाड रबरी पिशवीसारखा, जमिनीत चर खणून ठेवतात तो. लोखंड नाही, गंज नाही. कालवायला हौदात दांड्याला पाती लावलेली आहेत, हातानं फिरवायची. गोठ्यात आता चार एचएफ, म्हणजे जास्त दूध देणाऱ्या विलायती जातीच्या गाई. स्लरी बॅरलमध्ये भरून आलं पिकवणारे शेतकरी विकत नेतात, आणि दादा त्याचे फोटो आमच्या घरच्या ग्रुपवर टाकत असतो. स्टेटसला 'कचऱ्यातून सोनं' सुद्धा ठेवून झालं.

दिवाळीला गेले तेव्हा वहिनीला विचारलं, कामाची वाटणी कशी केलीय म्हणून. ती पाती फिरवत होती, थांबली नाही.

"शेण मी, शेगडी मी," ती म्हणाली. "स्लरी ह्यांच्याकडं. तिचे पैसे येत्यात न्हवं, वन्सं."