नॅनो चांदीच्या पाण्याने फ्लोराइड जात नाही

किनवट तालुक्यातल्या माझ्या आत्याने तीन आठवड्यांपूर्वी फिल्टरच्या पाण्याचा जार बंद केला. आता घरात बोअरचं पाणी पितात, सहा वर्षांचा नातूसुद्धा. हे सगळं मोबाईलवर फिरणाऱ्या एका मजकुरामुळे झालं. तो आत्याकडच्या वहिनींनी मला पाठवला आणि विचारलं, "भाऊजी, तुम्ही नॅनोवरच काम केलंय ना? हे खरं आहे का?"

मजकूर थोडक्यात असा: चांदीची दोन नाणी, ९ व्होल्टची बॅटरी, ग्लासभर पाणी आणि चिमूटभर मीठ घ्या. नाण्यांपासून पांढरा धूर सुटेल, तो म्हणजे फ्लोराइड (बोअरच्या पाण्यात विरघळलेला, जास्त झाला तर घातक असा क्षार) बाहेर पडतंय. पाणी पिवळसर झालं की 'कोअर-शेल नॅनो चांदी', म्हणजे आत गाभा आणि वर कवच असलेले चांदीचे अतिसूक्ष्म कण, तयार. लेझर टॉर्च मारा, रेघ दिसली की नॅनो सिद्ध झालं. त्यातले दहा थेंब हंड्यात टाकले की बोअरचं पाणी शुद्ध. गुडघे, शुगर सगळं बरं होतं. कणांवर कवच असल्यामुळे साइड इफेक्ट शून्य. आणि या तंत्रज्ञानाला नोबेल मिळालंय.

सगळ्यात घातक मुद्दा फ्लोराइडचा आहे, म्हणून आधी तो. चांदी फ्लोराइडला धरूच शकत नाही. चांदीचं क्लोराइड पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसतं. पण चांदीचं फ्लोराइड लिटरभर पाण्यात दीड किलोहून जास्त विरघळतं. जे इतकं विरघळतं ते साका होऊन खाली बसणार कसं? हंड्यात होतं तेवढं फ्लोराइड हंड्यातच राहतं, वर चांदीची भर पडते.

मग तो पांढरा धूर? तो तुम्हीच टाकलेल्या मिठाचा आहे. मिठातलं क्लोराइड आणि नाण्यातून सुटलेली चांदी मिळून पांढरा साका होतो. शाळेत सिल्व्हर नायट्रेटमध्ये मिठाचं पाणी ओतून दाखवतात, तोच हा साका. मी वहिनींना व्हिडिओ कॉलवर तो ग्लास अंगणात उन्हात ठेवायला लावला. आत्या बाजूलाच बसली होती. थोड्या वेळात पांढरा गाळ करडा, मग जांभळट झाला. सिल्व्हर क्लोराइड उन्हात असंच काळवंडतं. आत्याला मी एवढंच विचारलं, "फ्लोराइड हंड्यात आहे ना? मग ते या ग्लासातून कसं बाहेर पडेल?" ती काही बोलली नाही, पण ग्लास मोरीत ओतून आली.

चीड येते ती नातवाच्या काळजीने. पक्के दात हिरडीच्या आत घडत असतात तेव्हा, साधारण आठ वर्षांपर्यंत, जास्त फ्लोराइड पोटात गेलं की दातांवर पांढरे-तपकिरी डाग पडतात आणि ते आयुष्यभर राहतात. वर्षानुवर्षं असंच पाणी प्यायलं तर हाडं आणि सांधे आखडतात. किनवटकडच्या लोकांना हे पुस्तकातून शिकायची गरज नाही, गावात अशी माणसं त्यांनी पाहिली आहेत. भारतीय मानक सांगतं, पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम फ्लोराइड चालेल, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. पाणी उकळून हे कमी होत नाही. पाणी आटतं आणि फ्लोराइड उलट दाट होतं. म्हणजे गुडघे दुखतात म्हणून जे पाणी प्यायला सांगतात, त्यानेच गुडघे जायची भीती.

यात एक गोष्ट अर्धी खरी आहे, ती नाइलाजाने मान्य करतो. कोअर-शेल कणांनी फ्लोराइड काढण्यावर संशोधन झालेलं आहे. पण त्यात गाभा चुंबकीय लोह ऑक्साइडचा आणि कवच ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचं असतं. फ्लोराइड त्या कवचाला चिकटतं आणि मग चुंबकाने कण ओढून पाण्याबाहेर काढतात. चांदीचा तिथे संबंध नाही, आणि ते कण कोणी पीत नाही. चांदी जंतू मारते हेही खरं, भाजलेल्या जखमेच्या मलमात ती असते. पण फ्लोराइड काही जंतू नव्हे.

आता कवचाबद्दल. कल्हई आपल्याला माहीत आहे. भांडं पितळेचं, वर कथलाचा पातळ थर. त्यासाठी वेगळं कथील लागतं, नवसागर लागतो, भांडं तापवावं लागतं. मजकुरातल्या ग्लासात चांदी, मीठ आणि पाणी एवढंच आहे. कवच कशाचं? विद्यापीठात असताना मी लोह ऑक्साइडच्या कणांवर सिलिकाचं, म्हणजे वाळू-काचेतल्या पदार्थाचं, कवच चढवायचो. श्टोबर आणि सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये सिलिकाचे एकसारखे गोळे बनवायची जी रीत दिली, तिचाच हा वापर. कण अल्कोहोल-पाण्यात पसरवायचे, अमोनिया घालायचा, टीईओएस नावाचं सिलिकॉनचं संयुग थेंब थेंब सोडायचं, रात्रभर ढवळायचं, मग सेंट्रिफ्यूज करून, म्हणजे यंत्रात जोरात फिरवून कण तळाशी बसवून, पुन्हा पुन्हा धुवायचं. माझे पहिले कितीतरी नमुने वाया गेले. टीईओएस जरा भराभर सोडलं की सिलिकाचे रिकामे गोळे वेगळेच तयार व्हायचे आणि एकाच कवचात दहा-बारा कण गठ्ठ्याने अडकायचे. नमुना जमला तेव्हा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीच्या चित्रात काळा ठिपका आणि त्याभोवती फिकट कडं दिसलं. कवच चढलं असं त्या दिवशी म्हणता आलं. चांदीवर तर ही रीत जशीच्या तशी चालतही नाही, कारण अमोनिया चांदीचे कण खातो.

नुसत्या रंगावरून कवच कळत नाही. चांदीचे बारीक कण ४०० नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा-निळा प्रकाश शोषतात, म्हणून पाणी पिवळं दिसतं. कवच नसलं तरी पिवळंच दिसतं. लेझरची रेघ पाण्यात दोन थेंब दूध टाकलं तरी दिसते, करून बघा.

आणि कवच आहे म्हणून सुरक्षित, हेही खोटं. कल्हई उडाली की ताक कळकतं, हे प्रत्येक घरात माहीत आहे. सिलिकाच्या कवचालाही बारीक छिद्रं असतात, आतली चांदी हळूहळू झिरपते. चांदी पोटात जात राहिली तर कातडी निळसर-करडी पडते. त्याला आर्जिरिया म्हणतात आणि तो रंग सहसा जात नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्येच नियम काढला की डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकलं जाणारं, कोलॉइडी चांदी (पाण्यात तरंगणारे चांदीचे बारीक कण) किंवा चांदीचे क्षार असलेलं कोणतंही औषध सुरक्षित आणि गुणकारी मानता येत नाही. कोणत्याही आजारासाठी नाही. शुगर आणि गुडघे त्यातच आले.

नोबेल मिळालं ते २०२३ मध्ये, क्वांटम डॉट्ससाठी, म्हणजे आकारानुसार वेगवेगळ्या रंगाचा प्रकाश देणाऱ्या नॅनो कणांसाठी. त्यातले कॅडमियम सेलेनाइडच्या गाभ्यावर झिंक सल्फाइडचं कवच असलेले कण टीव्हीच्या पडद्यांमध्ये रंगासाठी वापरले जातात. कॅडमियम विष आहे. ते प्यायला कोणी सांगितलेलं नाही.

बोअरचं पाणी कसं आहे हे तपासूनच कळतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाणी तपासून मिळतं. नमुना काचेच्या नव्हे, स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत न्या. फ्लोराइड जास्त निघालं तर आरओ आहे, सक्रिय ॲल्युमिनाचे फिल्टर आहेत. नागपूरच्या नीरी या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेली तुरटी-चुन्याची नलगोंडा पद्धतही आहे, पण तिच्यात प्रमाण सांभाळावं लागतं, अंदाजाने तुरटी फिरवून भागत नाही.

वहिनींनी सोमवारी बाटली नांदेडला पाठवली. जार त्याच दिवसापासून परत सुरू झालाय.